अंथरुणाला खिळलेला रुग्ण आणि एकाच माणसावरचा भार : सुटी बसवायची कशी? (सांगली-मिरज)

कृष्णाकाठ
पक्षाघात, खुब्याचं हाड मोडणं, पुढच्या टप्प्यातला स्मृतिभ्रंश किंवा पार्किन्सन. आजार कुठलाही असो, रुग्ण घरी आला की बहुतेक घरांत सगळं एका माणसावर येतं. सून, बायको, नाहीतर लग्न न झालेली मुलगी. आठवड्याचे तास १६८. त्यातले आठ-आठ तासांचे दोन दिवस दुसऱ्या कुणी उचलले तरी १६ तास होतात, म्हणजे दहा टक्केसुद्धा नाहीत. तेवढेही मिळत नाहीत, आणि दर वेळी पैसा आड येतो असं नाही. औषध कसं द्यायचं, कुशीवर कसं वळवायचं, कशानं ठसका लागतो हे सगळं तिच्या एकटीच्या डोक्यात असतं. दुसऱ्या कुणाला बसवलं की तासाभरात चार फोन, मग ती म्हणते, जाऊ दे, मीच करते.

धागा एवढ्यासाठीच. ब्युरोची (घरी काळजीला माणूस पुरवणाऱ्यांची) नावं-नंबर नकोत, 'किती सोसताय हो' छापाचे प्रतिसाद नकोत. करायचं काय, ते लिहा.

सिस्टर_वॉर्ड७
वॉर्डात शिफ्ट बदलताना जे करतात तेच घरी करायचं. एक शंभरपानी वही घ्या आणि कॉटच्या पायथ्याशी सुतळीनं बांधून टाका. बांधायची अशासाठी की घरात वही हरवते.

पहिल्या पानावर नाव, वय, आजार, कशाची ॲलर्जी, डॉक्टरांचा आणि घरच्या दोघांचा नंबर. दुसऱ्या पानावर औषधं : नाव, किती, केव्हा, जेवणाआधी की नंतर, गिळायची की कुटायची. कुटायची नाहीत त्यांच्यावर लाल खूण करा. गोळीच्या नावापुढं 'एसआर', 'एक्सएल', 'सीआर' अशी अक्षरं असली तर ती हळूहळू विरघळावी म्हणून तशी बनवलेली असते. कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. बीपीच्या गोळीचं असं झालं तर रुग्ण गळून जातो आणि बदलीची बाई घाबरून दुसऱ्या दिवशी येत नाही. नाकातल्या नळीतून औषध जाणार असेल तर डॉक्टरांकडून साधी गोळी किंवा पातळ औषध लिहून घ्यावं.

तिसऱ्या पानावर कामांचा क्रम. वेळेपेक्षा क्रम महत्त्वाचा. आधी डायपर, मग कूस, मग कॉटचं डोकं ३० ते ४५ अंश वर, मग फीड (नळीतून द्यायचं पातळ अन्न). नवखं माणूस नेमकं उलट करतं. आधी पेज देतं, मग डायपर ओला दिसला म्हणून कॉट आडवी करतं. पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं आणि दोन दिवसांनी ताप. फीड झाल्यावर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर डोकं वरच ठेवायचं.

नळीवर नाकपुडीपाशी मार्करनं खूण करा. खूण बाहेर सरकलेली दिसली तर थेंबही घालायचा नाही, आधी फोन. एका वेळी २०० ते २५० मिली, बारीक गाळणीतून गाळून, सिरिंजचा दट्ट्या न दाबता आपोआप उतरू द्यायचं. पंधरा-वीस मिनिटं लागतात. आधी आणि नंतर ३० मिली साधं पाणी. नळी तुंबते ती बहुधा हे नंतरचं पाणी चुकल्यामुळं.

लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली टांगलेली असावी, पण जमिनीला टेकू द्यायची नाही. दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची. चार तास पिशवीत काही आलं नाही आणि ओटीपोट टणक लागतंय तर आधी नळी कुठं मुडपली आहे का, अंगाखाली दबली आहे का ते बघा. बहुतेकदा तेच असतं. तसं नसेल तर वाट बघत बसू नका, सिस्टरला बोलवा.

इन्सुलिनवाल्यांसाठी एक पान वेगळं. जेवण झालंच नाही तर जेवणाआधीचं इन्सुलिन द्यायचं की नाही हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. साखर ७० च्या खाली आली, माणूस शुद्धीवर आहे आणि गिळतोय, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ लावायचा.

विश्रामबागी
सिस्टर, वही झाली. माणूस तयार कसं करायचं?

सिस्टर_वॉर्ड७
तीन बैठका. पहिल्यांदा बदलीची बाई बघेल, तुम्ही कराल. दुसऱ्यांदा ती करेल, तुम्ही हात मागं बांधून बघायचं. हे फार अवघड जातं बरं का, पण मध्ये हात घातला की ती शिकत नाही. तिसऱ्यांदा तुम्ही घराबाहेर, दोनच तास, हाकेच्या अंतरावर. मग अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस. कुणाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी नवी बाई आणून सोडून जायचं म्हणजे वाटेतल्या बस्तवडे गावापर्यंत पोचायच्या आत परतीचा फोन.

बदलीच्या दिवशी शीचा प्रश्न सोडवलात तर निम्मं भांडण मिटतं. बाई टिकत नाहीत त्या बहुतेक यापायी. शीची वेळ ठरवता येते. नाश्ता किंवा कोमट पाणी दिल्यावर वीस-तीस मिनिटांनी आतडी आपसूक हलतात, ती वेळ धरायची. त्यानं भागत नसेल तर डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड सकाळी बिसाकोडिलची सपोझिटरी (शीच्या जागेतून आत सरकवायची गोळी). रुग्णाला डाव्या कुशीवर घ्यायचं. साधारण पंधरा मिनिटं ते तासाभरात होतं. हे सकाळी तुमच्या हातानं उरकलं की बदलीच्या बाईकडं लघवी, कूस आणि फीड एवढंच राहतं. तीन दिवस शी झाली नाही आणि मग पातळ गळायला लागली तर ते जुलाब समजून थांबायची गोळी देऊ नका. आत खडा बसलेला असतो, त्याच्या बाजूनं पातळ येतं.

गणपतीपेठ
ब्युरोकडून माणूस घेताना काय विचारायचं? 'ट्रेंड आहे' असं सगळेच सांगतात.

घरपोच_सेवा
'ट्रेंड' ऐकून पुढं जायचं नाही. नर्सिंगचा कोर्स झालेली आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेली सिस्टर वेगळी, मावशी किंवा मामा वेगळे. अंघोळ, डायपर, भरवणं, कूस बदलणं हे मावशींचं काम. इंजेक्शन, सक्शन (यंत्रानं कफ ओढून काढणं), जखमेचं ड्रेसिंग, नळी बदलणं हे सिस्टरचं. मावशींचा दर देऊन सिस्टरचं काम करून घेण्याकडं घरांचा कल असतो आणि त्यातूनच गडबडी होतात.

विचारा ते असं. बारा तास म्हणजे किती ते किती? माणूस गैरहजर राहिला तर बदली किती तासांत? पैसे रोजचे, आठवड्याचे की महिन्याचे आगाऊ, आणि मध्येच बंद केलं तर परत किती? सणाच्या दिवशी दर वाढतो का? जेवण कुणाकडं? ओळखपत्राची प्रत घ्या, पोलिस पडताळणी झाली आहे का विचारा. कामाची यादी कागदावर लिहून दोघांच्या सह्या. घरातली भांडी-फरशी त्यात नको. ती घातलीत की कूस बदलायची राहते.

२४ तासांची बाई म्हणजे २४ तास जागी बाई नव्हे. तिला सलग झोप लागतेच. रात्री दोनला आणि चारला उठून कूस बदलायची तर ते काम कुणाचं, हे पहिल्याच दिवशी ठरवा. न ठरवलेल्या घरात रात्री कुणीच कूस बदलत नाही आणि महिन्यात माकडहाडावर जखम होते.

कृष्णाकाठ
रात्रीचा मुद्दा नीट सोलून घेऊया. दिवसा चार तास मोकळे मिळाले तरी रात्र तुटलेली असेल तर त्या सुटीचा उपयोग होत नाही. ती मोकळ्या वेळात कपडे वाळत घालत बसते, झोपत नाही.

सिस्टर_वॉर्ड७
बरोबर. सलग चार तास झोप हे पहिलं उद्दिष्ट धरा, बाकीचं नंतर.

दर दोन तासांनी कूस हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण कातडी सगळीकडं चांगली असेल, हवेची गादी चालू असेल आणि डॉक्टरांनी किंवा जखमेचं काम करणाऱ्या सिस्टरनी बघून हो म्हटलं, तर रात्री हे अंतर चार तासांवर नेता येतं. रुग्णाला पूर्ण कुशीवर नको, पाठीमागं उशी लावून ३० अंशच कलता. पूर्ण कुशीवर खुब्याच्या हाडावर सगळं वजन येतं. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. सकाळी माकडहाड, खुबे, टाचा, खांद्याची पाती आणि डोक्याची मागची बाजू बघायची. लाल दिसलं तिथं बोटानं दाबा. दाबल्यावर पांढरं पडून पुन्हा लाल झालं तर ठीक. लालच राहिलं तर त्या रात्रीपासून पुन्हा दोन तास. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही; तिथं गरम, टणक किंवा मऊ लागतंय का, हे हातानं चाचपायचं. त्या जागेवर चोळायचं मात्र नाही, मालिशसुद्धा नाही.

लघवीची गोळी संध्याकाळी लिहिलेली असेल तर ती सकाळी किंवा दुपारी हलवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. पाणी कमी करायचं नाही, दिवसभरात पुढं ओढायचं; शेवटचा मोठा पेला संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास. पुरुष रुग्णाला रात्रीपुरतं कंडोम कॅथेटर (बाहेरून चढवायची, पिशवीला जोडलेली पिशवीवजा नळी) लावता येतं. रोज काढून कातडी धुवायची, घट्ट चिकटपट्टी गोल गुंडाळायची नाही, रक्त अडकतं.

फिजिओदा
काळजी घेणाऱ्याची पाठ आणि मनगट हे आधी जातं, मन नंतर. कारण साधं आहे. दिवाण दीड फूट उंच, बाई पाच फूट, दिवसात दहा-बारा वेळा कमरेत वाकून ओढणं.

कॉट भाड्यानं मिळते, मागं डोकं वर होणारी घ्या. घरचीच वापरायची तर चारही पायांखाली लाकडी ठोकळे, वरच्या बाजूला खळगा कोरून पाय आत बसेल असे. सुट्या विटा सरकतात. गादीचा वरचा भाग करणाऱ्याच्या कमरेला यावा. पण रुग्ण स्वतः उतरू-चढू शकत असेल तर उंची वाढवू नका, पडेल.

वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नका. पक्षाघाताच्या बाजूचा खांदा त्यानं निखळतो आणि मग महिनोन् महिने दुखत राहतो. खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी आडवी चादर कायम अंगाखाली ठेवा. कॉटचं डोकं सपाट करा, दोघं दोन बाजूंना, चादरीच्या कडा रुग्णाच्या अंगाजवळ गुंडाळून धरा, 'एक-दोन-तीन' म्हणून एकदम सरकवा. उचलायचं नाही, सरकवायचं. एकटीनं वर सरकवायचं काम ठेवूच नका. शेजारच्या माणसाची सकाळ-संध्याकाळ ठरलेली पाच मिनिटं मागून घ्या. पाच मिनिटांना कुणी नाही म्हणत नाही.

पैसे मोजकेच असतील तर घ्यायचा क्रम : आडवी चादर आणि रबरी शीट, मग कॉट, मग हवेची गादी, मग हात असलेली कमोड खुर्ची. लोक व्हीलचेअर आधी घेतात आणि ती बाल्कनीत कपडे वाळवायला राहते.

आठवणीचा_कोपरा
वरचं सगळं शरीरानं अडकलेल्या रुग्णाचं झालं. स्मृतिभ्रंशाच्या, पण हिंडत्या-फिरत्या माणसाचं गणित निराळं. त्याला उचलावं लागत नाही, पण नजर हलवता येत नाही.

बदलीचा माणूस संध्याकाळी चार ते आठ या वेळात पहिल्यांदा आणू नका. बऱ्याच जणांची चलबिचल तेव्हाच वाढते. सकाळी नाश्त्यानंतर आणा. 'ही तुमची काळजी घ्यायला आली' असं न सांगता भाजी निवडायला, पोथी वाचायला, गप्पा मारायला आली म्हणा. नजर चुकवून निघून जाऊ नका, नंतर शोधाशोध होते. 'पेठेत जाऊन येते' एवढं सांगून निघा. दरवाजाची कडी नेहमीच्या जागी न ठेवता वर किंवा खाली लावा, पण आतून किंवा बाहेरून कुलूप घालून कुणाला एकटं ठेवू नका. गॅसचा रेग्युलेटर बंद. खिशात किंवा गळ्यात नाव आणि घरच्यांचा नंबर.

आठवडाभरासाठी वृद्धाश्रमात ठेवायचं असेल तर फोनवरच तीन गोष्टी विचारा : अंथरुणावरचा किंवा नळीचा रुग्ण घेता का (पुष्कळ ठिकाणी चालता-फिरताच घेतात), थोड्या दिवसांसाठी घेता का, आणि रात्री किती रुग्णांमागं किती माणसं जागी असतात. प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हा कळवून जाऊ नका. सोडताना औषधं दोन दिवस जास्तीची, कपड्यांवर नाव, वहीची झेरॉक्स. कातडीचे फोटो तारखेसह तिथल्या सिस्टरसमोर काढा, आणताना पुन्हा काढा. जखम आधीची की नंतरची, हा वाद इथंच संपतो.

पेठेतला
एवढा खटाटोप कशाला? तीन भाऊ असतील तर आई चार-चार महिने प्रत्येकाकडं. सरळ हिशोब.

आठवणीचा_कोपरा
शरीरानं अडकलेल्या, पण डोकं शाबूत असलेल्या आईला चालेल, तीही तयार असेल तर. स्मृतिभ्रंशात नाही. संडास कुठं, खिडकी कुठं हे ती नव्यानं शिकू शकत नाही. दर खेपेला घर बदललं की रात्रीची भटकंती, पडणं आणि खुब्याचं हाड. आई हलवू नका, भाऊ हलवा. पुण्याच्या भावानं दिवाळीत चार दिवस पाहुणा म्हणून येण्यापेक्षा मे महिन्यात पंधरा दिवस ड्यूटीवर यावं, सून माहेरी जाईल. आणि येता येत नसेल तर ब्युरोचं बिल त्याच्या खात्यातून थेट जावं. 'लागले तर सांग' असं नको, सांगावं लागतं म्हणूनच कुणी सांगत नाही.

पेठेतला
हे पटलं.

तासगावी
द्राक्षपट्ट्यात आणखी एक अडचण. ऑक्टोबरची छाटणी, मग डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी, पुढं बेदाण्याचं काम, एप्रिलला खरड छाटणी. घरातली सगळी माणसं बागेत आणि गावातल्या बायकाही मजुरीला. म्हणजे गरज असते तेव्हाच बदली मिळत नाही. दसऱ्याच्या आधीच बोलणी करून ठेवायची, हंगामभराचे वार ठरवून. वार ठरलेले असले की बाई दुसरं काम त्याभोवती लावते. 'बोलावू तेव्हा ये' म्हणाल तर येणार नाही.

कृष्णाकाठ
तासगावनं हंगाम काढलाच आहे तर सांगलीचा पूर पण लिहून टाकतो, कारण त्या आठवड्यात काळजी घेणारं माणूस पार मोडतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोका पातळी. पण सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड या भागात पाणी त्याआधीच येतं. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा बघितलंय सगळ्यांनी. चालती माणसं शेवटी बोटीतून निघतील, कॉटवरचा माणूस नाही. कोयनेचा विसर्ग वाढल्याची बातमी आली आणि पातळी तिशीत गेली की रुग्ण हलवायचा, रस्ता कोरडा असतानाच. जागा जूनमध्येच ठरलेली असावी : मिरजेकडचे नातेवाईक, उंचावरचं घर, तळमजला किंवा लिफ्ट. १०८ तातडीच्या रुग्णासाठी असते, घर बदलायला नव्हे. खासगी रुग्णवाहिका आधी सांगून ठेवा. सोबत वही, पंधरा दिवसांची औषधं, डायपर, जास्तीची लघवीची पिशवी, गादीचा पंप.

ऑक्सिजन लागणाऱ्यांनी विजेचा हिशोब करावा. पाच लिटरचं यंत्र साधारण ३५० वॅट खातं. १५० एएच बॅटरीच्या इन्व्हर्टरवर चांगली बॅटरी असली तर तीन-चार तास, जुनी असली तर त्याहून बरंच कमी. राखीव म्हणून बी टाइप सिलिंडर : पूर्ण भरलेला सुमारे १५०० लिटर, मिनिटाला दोन लिटरनं बारा तास पुरतो.

तहसील_कट्टा
कागदांचंही ओझं असतं आणि तेही त्याच बाईवर. त्यातलं हलकं करता येण्यासारखं :

पेन्शनचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, पोस्टमनलाही घरी बोलावता येतं. केंद्राच्या पेन्शनधारकांचं वय ८० च्या पुढं असेल तर नोव्हेंबरची वाट बघायला नको, १ ऑक्टोबरपासून देता येतो. बँकेत सही जमत नसेल तर अंगठा चालतो, दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा अधिकारी. ७० च्या पुढच्यांना घरपोच सेवा द्या असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय. शाखेत लेखी अर्ज करा, तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

मतिमंदत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ लागू होतो. सज्ञान मुलाचं पालकत्व जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती देते. निरामय हा आरोग्य विमा वर्षाला एक लाखापर्यंत. पालकांना सुटी मिळावी म्हणून तात्पुरत्या निवासाची सोयही याच ट्रस्टच्या योजनेत आहे, नोंदणीकृत संस्थांमार्फत.

भावंडं काहीच देत नसतील तर २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा. अर्ज प्रांताकडं, निर्वाह महिना १०,००० रुपयांपर्यंत. अर्ज आईवडिलांच्या नावानं, त्यांनी नेमलेला माणूसही करू शकतो. सुनेला स्वतःच्या कष्टाबद्दल यात काही मिळत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

ज्येष्ठांसाठीचा १४५६७ सकाळी ८ ते रात्री ८. मनाच्या ताणासाठी टेली-मानस १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलतात. रुग्णासाठी नव्हे, काळजी घेणाऱ्यानं स्वतःसाठी लावला तरी चालतो.

गणपतीपेठ
आता हद्द झाली आहे, हे ओळखायचं कसं? सगळ्याच बायका 'काही नाही, ठीक आहे' म्हणतात.

सिस्टर_वॉर्ड७
'ठीक आहे का' हे विचारूच नका. स्वतःची बीपीची गोळी शेवटची कधी घेतली ते विचारा. औषधाची पट्टी मोजा. स्वतःची तपासणी तीन महिने पुढं ढकललेली, जेवण उभ्यानं, रुग्णाच्या झोपेच्या गोळ्यांतली एखादी स्वतः घेणं, डायपर बदलताना हात जोरात पडणं, रुग्णाच्या दंडावर बोटांचे वळ. शेवटची दोन दिसली तर त्याच दिवशी दुसरं माणूस बसवायचं, चौकशी नंतर. तिला दोष देत बसलात तर ती पुढच्या वेळी लपवेल.

मोजायचंच असेल तर झरिटची प्रश्नावली आहे. २२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, एकूण ८८. साधारण ४० च्या वर गेलं तर भार बराच, ६० च्या वर म्हणजे फारच. समुपदेशक किंवा मानसोपचार विभागात भरून घेता येते. एकदाच्या आकड्यापेक्षा तीन महिन्यांनी तो वर गेला की खाली, ते बघा.

विश्रामबागी
शेवटचं एक. गळ्याला ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी भोक पाडून बसवलेली नळी) असेल तर मावशींवर सोडून चार तास बाहेर जाता येईल का?

सिस्टर_वॉर्ड७
नाही. सक्शन येणारी सिस्टर किंवा ब्रदरच हवा, किंवा ते शिकलेलं घरचं दुसरं माणूस. उशाशी त्याच मापाची एक आणि एक माप लहान अशा दोन जास्तीच्या नळ्या, सक्शन मशीन चार्ज केलेलं, वीज गेली तर पायानं चालणारं. एका वेळी सक्शन दहा-पंधरा सेकंदांच्या आत, मध्ये दम घेऊ द्यायचा. डिस्चार्जच्या आधी वॉर्डातच घरच्या दोघांना हे शिकवून घ्या, एकाला नव्हे. सिस्टर कामात असतात, मागं लागावं लागतं, लागा.